अंधारातील साक्षी



या व्याख्यानमालेला येणारा श्रोता संतवाङ्मय, इतिहास आणि राजकारण यांवरची व्याख्याने ऐकण्यास सरावलेला आहे. दिवसभराची वैशाखाची धग ओसरल्यावर, मोर्णेवरून येणारा वारा अंगावर घेत बसलेल्या अकोलेकरांपुढे पदार्थविज्ञानाचा विषय मांडणे हे काहीसे धाडसच होय. परंतु मीही आज एक इतिहासच सांगणार आहे. फरक इतकाच की, त्यातला नायक राजा किंवा सेनापती नसून उजेडाचा एक ठिपका आहे. तोही असा की, नुसत्या डोळ्यांनी तो दिसलाच तर मुश्किलीने दिसावा.

या विषयाकडे मी वळलो तो एका खिळ्यामुळे. काही वर्षांपूर्वी माझे वडीलबंधू घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचा फोटो काढण्यासाठी मी त्यांना एका तालुक्याच्या गावी घेऊन गेलो. एक्स-रे काढणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला. मोठ्या आस्थेने त्याने भाऊंना मेजावर निजवले, पाय सरळ केला, काम चोख केले. निघताना माझे लक्ष भिंतीकडे गेले. तिथे खिळ्याला एक चौकोनी प्लॅस्टिकचा बिल्ला लटकत होता. हा बिल्ला किरणांजवळ काम करणाऱ्या माणसाने छातीवर लावायचा असतो, हे मला ऐकून ठाऊक होते. मी विचारले, "अरे, हा इथं कसा?" तो हसून म्हणाला, "सर, हरपला तं भरून द्या लागते, म्हून खिळ्यालेच टांगून ठेवतो."

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता, कारण शाळेत पदार्थविज्ञान त्याला मीच शिकवले होते. क्ष-किरणांचा शोध कोणी लावला, केव्हा लावला, हे मी त्याच्याकडून घोकून घेतले होते; पण त्या बिल्ल्यात काय असते आणि तो तिथवर कसा पोचला, हे मी त्याला सांगितले नव्हते. कारण ते मलाच माहीत नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या राहून गेलेल्या धड्याची भरपाई समजा.

प्रथम किरणांविषयी दोन शब्द. क्ष-किरण, रेडियमसारख्या द्रव्यांतून निघणारे किरण, यांना आयनीकारक किरण म्हणतात. म्हणजे ज्या पदार्थातून ते जातात त्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन ते उखडून टाकतात. या किरणांना रंग नाही, गंध नाही, स्पर्श नाही. विस्तवाला हात लागला तर हात आपोआप मागे येतो; येथे तसे होत नाही. तेव्हा ते आले, किती आले आणि कोठून आले, हे सांगणारा कोणीतरी साक्षीदार हवा. निसर्गात असे काही पदार्थ आहेत की, त्यांच्यावर हे किरण पडले असता ते उजेड देतात. वैद्यकातल्या क्ष-किरणविद्येचा बराच मोठा भाग या उजेडावर उभा आहे. त्या उजेडाला माणसाने दोन प्रश्न विचारले. पहिला: रोग्याच्या शरीरात आत काय आहे? दुसरा: पाहणाऱ्याच्या शरीरावर किती पडले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही आठवड्यांत मिळू लागले. दुसऱ्याचे उत्तर मिळायला कित्येक दशके गेली, आणि त्याची किंमत माणसांनी हातांनी आणि प्राणांनी मोजली.

काही दगड अंधारात उजळतात, हे ज्ञान क्ष-किरणांहून जुने आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या बोलोन्या गावच्या एका चांभाराने सोने करण्याच्या नादात जवळच्या डोंगरातला एक जड दगड भाजला. सोने काही झाले नाही. पण तो दगड उन्हात ठेवून अंधारात नेला की काही वेळ लुकलुकत राही. १६६३ साली इंग्लंडात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने एक हिरा रात्री अंथरुणात नेऊन अंगाच्या ऊबेने तापवला, तेव्हा त्यातून मंद प्रकाश निघाला. बॉइलच्या या हिऱ्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे, म्हणून तो ध्यानात ठेवा.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी जर्मनीत व्यूर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन अंधाऱ्या खोलीत काळ्या कागदाने झाकलेल्या नळीवर प्रयोग करीत होता. काही अंतरावर बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला एक कागद होता. नळीतून वीज गेली की तो कागद उजळू लागला. क्ष-किरणांनी जगाला दिलेली पहिली वर्दी ही अशी उजेडाची होती. छायाचित्राची काच नंतर आली. राँटगेनच्या पत्नीच्या हाताचे ते जगप्रसिद्ध चित्र घेण्यास सुमारे पंधरा मिनिटे लागली, असे सांगतात.

पंधरा मिनिटे हात हालू द्यायचा नाही, हे काही व्यवहारात चालण्यासारखे नव्हते. अमेरिकेत थॉमस एडिसनने हजारो रसायने तपासून पाहिली आणि १८९६ साली कॅल्शियम टंगस्टेट हे अधिक तेजाळ असल्याचे ठरवले. न्यूयॉर्कमध्ये मायकेल प्युपिनने त्याच वर्षी एडिसनकडून आलेला पडदा छायाचित्राच्या काचेला भिडवला आणि एका माणसाच्या हातात शिरलेल्या बंदुकीच्या छऱ्यांचे चित्र काही सेकंदांत मिळवले. किरणांचा उजेड करायचा आणि तो उजेड काचेवर उमटवायचा, ही युक्ती पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ इस्पितळांतून चालली. तिच्यामुळे रोग्याच्या वाट्याला येणारे किरण कितीतरी कमी झाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आजच्या इतिहासाचे सूत्र त्यातच आहे: साक्षीदार जितका तल्लख, तितके किरण कमी लागतात.

पण पाहणाऱ्याचे काय? त्या काळी नळी ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी लोक स्वतःचाच हात नळी आणि पडदा यांच्यामध्ये धरीत आणि हाडे कितपत स्पष्ट दिसतात त्यावरून अंदाज घेत. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. नळ्या तोच तयार करी आणि तोच तपासून पाही. आधी हातावरची कातडी भाजल्यासारखी झाली, मग जखमा भरेनात, मग कर्करोग. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, तो गेला. एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले. जर्मनीत हँबुर्ग येथे १९३६ साली अशा बळींचे एक स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती. पुढे ती यादी वाढतच गेली. पडद्यावरच्या उजेडात या माणसांनी दुसऱ्यांची हाडे पाहिली. त्यांच्या स्वतःच्या अंगावर किती पडले, हे त्या उजेडाला कोणी विचारले नाही.

त्या पडद्याचा उजेडही इतका अंधुक असे की, डॉक्टरला आधी वीस-तीस मिनिटे अंधारात बसून डोळे तयार करावे लागत. १९१६ साली त्रेंडेलेनबुर्ग याने तांबड्या काचांचा चष्मा सुचवला. तो घालून उजेडात वावरले तरी अंधारात पाहण्याची डोळ्यांची शक्ती कायम राहते. एका पिढीचे क्ष-किरणतज्ज्ञ असा लाल चष्मा लावून इस्पितळात हिंडत असत.

अशाच अंधारात दुसरीकडे अणूचेही रहस्य उलगडत होते. १९०३ साली विल्यम क्रुक्सने झिंक सल्फाइडच्या पडद्यावर रेडियमचा अल्पसा कण ठेवून भिंगातून पाहिले. पडदा सरसकट उजळलेला नव्हता; तिथे असंख्य ठिणग्या उडत होत्या. प्रत्येक ठिणगी म्हणजे येऊन आदळलेला एकेक कण! येथून उजेड मोजता येऊ लागला. १९०९ साली मँचेस्टर येथे रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन हे दोघे अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठिणग्या मोजत बसले. धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या कणांपैकी सुमारे आठ हजारांत एक कण उलट फिरून मागे येतो, असे त्यांना आढळले. आणि त्या मोजणीतून १९११ साली अणुकेंद्राची कल्पना जन्मली. परंतु डोळा थकतो. काही मिनिटे मोजले की चूक होऊ लागते. १९२८ पासून गायगर आणि म्यूलर यांचा विजेवर चालणारा गणक आला, आणि ठिणग्या मोजण्याची विद्या मागे पडली.

ती परत आली ती डोळ्याच्या जागी यंत्र बसल्यावर. फोटोमल्टिप्लायर नावाची काचेची नळी असते. तिच्यावर प्रकाशाचा क्षीण कण पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो पुढच्या पट्टीवर आदळून तीन-चार सोडवतो, ते आणखी सोडवतात. असे करता करता अखेरीस लाखो इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार होतो. १९४४ साली करन आणि बेकर यांनी झिंक सल्फाइडच्या पडद्यापुढे ही नळी लावली. १९४७ मध्ये बर्लिनमध्ये हार्टमुट कालमन याने नॅप्थॅलीन वापरले. आपण कपड्यांच्या कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या याच द्रव्याच्या! युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरात प्रयोगासाठी तेवढे तरी मिळू शकत होते. झिंक सल्फाइडचा थर जाड केला तर त्याचा उजेड त्यातच अडतो. नॅप्थॅलीनचा खडा पारदर्शक, म्हणून त्यातला उजेड आरपार बाहेर येतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट हॉफस्टॅटरने सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात किंचित थॅलियम मिसळले आणि गॅमा किरणांसाठी हवा तसा साक्षीदार हाती आला.

मग वैद्यकात क्रांती झाली. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. रोग्याला किरणोत्सर्गी आयोडीन पाजले तर ग्रंथीतून किरण निघतात. पण त्यांचे चित्र कसे घ्यावे? आधी गायगर गणक हातात धरून गळ्यावर जागोजाग टेकवीत आणि आकडे कागदावर मांडीत. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात बेनेडिक्ट कॅसनने एक स्फटिक आणि नळी मोटारीला जोडली. शेतकरी तासामागून तास धरीत जातो तशी ती गळ्यावरून एकेक ओळ पुढे सरके आणि कागदावर ठिपके उमटवी. तो स्फटिक एडिसनच्याच कॅल्शियम टंगस्टेटचा होता. १९५७-५८ साली हॅल अँगरने फिरणे बंद केले. चार इंच व्यासाची सोडियम आयोडाइडची चकती आणि तिच्यामागे सात नळ्या. चकतीत कोठेही चमक उठली की जवळच्या नळीला ती अधिक दिसते, लांबच्या नळीला कमी. त्या कमीजास्तीवरून विद्युत्मंडल चमकेची नेमकी जागा काढते. हाच गॅमा कॅमेरा. त्यापुढे सी.टी.चे यंत्र आले. १९७१ साली पहिल्या रोग्याच्या मेंदूचे छेद टिपणाऱ्या हाउन्सफील्डच्या यंत्रातही सोडियम आयोडाइडचे स्फटिक होते.

आता आपल्याकडे वळू. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टीच्या पाण्यात खोलवर एक निळे तेज दिसते. पाण्यात प्रकाशाची गती मंदावते, आणि विद्युत्भारित कण त्या गतीला मागे टाकून धावू लागले की पाणी निळसर उजळते. १९३४ साली रशियात चेरेन्कोव्हने हे तेज ओळखले, तेही प्रयोगापूर्वी तासभर अंधारात बसून. भट्टी झाली म्हणजे किरणोत्सर्गी औषधे देशातच करता येऊ लागली. १९६३ साली मुंबईत परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारी, होमी भाभांच्या पुढाकाराने रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. तिथून या विद्येचे शिकलेले डॉक्टर देशभर गेले. देशातले पहिले पेट यंत्रही तिथेच २००२ साली आले.

येथे वऱ्हाडातल्या माणसाने भूगोल लक्षात घेतला पाहिजे. पेटसाठी लागणारे फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. मुंबईहून आगगाडीने नऊ तासांत ते अकोल्यास आणले, तर उतरताना तिसावा हिस्सादेखील जेमतेम उरेल. गॅमा कॅमेऱ्याला लागणाऱ्या टेक्नेशियमचे आयुष्यही सहा तासांत निम्मे होते. पण त्याची युक्ती निराळी आहे. टेक्नेशियमचे जनक मोलिब्डेनम सुमारे ६६ तासांत निम्मे होते. ते शिशाच्या डब्यात भरून दूरच्या गावी धाडायचे आणि तिथे रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम काढून घ्यायचे. जगभर या डब्याला गाय म्हणतात आणि त्या कामाला दूध काढणे! दूध पाठवले तर नासते. गाय पाठवावी, ती पोचते.

एवढा वेळ मी पहिल्या प्रश्नाविषयी बोललो. आता दुसरा: पाहणाऱ्यावर किती पडले?

प्रारंभी काम करणाऱ्याच्या छातीला छायाचित्राच्या फिल्मचा तुकडा लावीत. तो जितका काळवंडेल तितके किरण अधिक. पण आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळी दमटपणात फिल्म आपोआपच खराब होते. तेव्हा शास्त्रज्ञांना बॉइलचा तो हिरा आठवला. काही स्फटिकांवर किरण पडले की उखडलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी काही स्फटिकातल्या खोलगट जागी अडकून बसतात. जुन्या वऱ्हाडात ज्वारी जमिनीतल्या पेवात भरून ठेवीत, तसे ते महिनोन्‌महिने पडून राहतात. स्फटिक तापवला की पेव फुटते, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि मुक्कामी परतताना उजेड देतात. उजेड जितका अधिक, तितके किरण अधिक पडलेले. यास ऊष्मादीप्ती म्हणावे. अमेरिकेत १९५० नंतर लिथियम फ्लुओराइड यासाठी वापरू लागले. जपानी संशोधकांनी पुढे कॅल्शियम सल्फेटात किंचित डिस्प्रोसियम मिसळून कितीतरी अधिक तल्लख द्रव्य मिळवले, आणि तुर्भ्याच्या नंबी, बापट व गांगुली यांनी १९७४ साली दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटाच्या ऊष्मादीप्तीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ पासून भारतात फिल्मची जागा या बिल्ल्याने घेतली.

कॅल्शियम सल्फेट म्हणजे काय, ठाऊक आहे? जिप्सम. ज्या खडूने मी चौतीस वर्षे फळ्यावर लिहिले, त्या खडूचे द्रव्य. माझ्या भावासारख्या कितीकांच्या मोडलेल्या हाडांवर जे प्लॅस्टर चढते, त्याचे द्रव्य. त्यातले पाणी काढून टाकावे, डिस्प्रोसियमचा अंश मिसळावा, टेफ्लॉनबरोबर दाबून रुपयापेक्षा लहान चकती करावी. अशा तीन चकत्या एका धातूच्या पट्टीवर बसवतात. एका चकतीवर तांबे-अ‍ॅल्युमिनियमचे आवरण, दुसरीवर प्लॅस्टिकचे, तिसरी उघडी. तिघींच्या साक्षी ताडून पाहिल्या की कोणत्या जातीचे किरण किती आले हे कळते. तीन महिन्यांनी पट्टी प्रयोगशाळेत जाते, गरम नायट्रोजन वायूने तापवली जाते, आणि फोटोमल्टिप्लायर नळी तो उजेड मोजते. आपल्याकडे किरणांजवळ काम करणाऱ्याला कोणत्याही एका वर्षात ३० आणि सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक किरण मिळू नयेत, अशी मर्यादा घातलेली आहे. ती पाळली गेली की नाही, हे सांगणारी ही खडूची चकती.

या इतिहासात आपल्या भागाचेही पान आहे. नागपूर विद्यापीठात पी. डी. साहारे आणि एस. व्ही. मोहरील यांनी १९९० साली पोटॅशियम-सोडियम सल्फेटात युरोपियम मिसळून अत्यंत तल्लख असे ऊष्मादीप्त द्रव्य तयार केल्याचे जाहीर केले. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातही दीप्त द्रव्यांचे संशोधन झाले आहे. आपल्याकडचे काही विद्यार्थी भट्टीपुढे बसून भुकट्या भाजतात, तेव्हा घरच्यांना वाटते, पोरगा काय करतो कोण जाणे! बोलोन्याच्या चांभारासारखा त्यानेही दगड भाजला आहे. पण आपण काय शोधतो आहोत, हे त्याला ठाऊक आहे.

आता खिळ्याकडे परत येतो. खिळ्याला टांगलेला बिल्ला खोटे बोलत नाही. तो खिळ्यावर किती किरण पडले, ते अचूक सांगतो. त्या मुलाच्या छातीवर किती पडले, याविषयी त्याला काही ठाऊक नसते. तीन महिन्यांनी येणाऱ्या कागदावर मात्र त्या मुलाचे नाव लिहिलेले असते. डॅलीजवळ साक्षीदार नव्हता. या मुलाजवळ होता, आणि तो भिंतीवर लटकत होता.

मी त्या दिवशी त्याला बाजूला घेऊन जेवढे मला ठाऊक होते तेवढे सांगितले. भाऊंच्या प्लॅस्टरकडे बोट दाखवून सांगण्याइतके ज्ञान तेव्हा माझ्यापाशी नव्हते, आज आहे. बिल्ला छातीवर, शिशाचा एप्रन असेल तर त्याच्या आत लावावा. हरवल्याचा भुर्दंड गरीब कामगाराच्या माथी मारला जात असेल, तर तो खिळ्यावरच जाणार. तेव्हा दवाखाने चालवणाऱ्यांनी ही भीती काढून टाकावी. आणि आपण रोगी मंडळींनीही थोडे शहाणपण शिकावे. "डॉक्टरसाहेब, एकदा सी.टी. करूनच टाका," असा आग्रह आपण धरतो. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी किरण मिळतात; छातीच्या सी.टी.त त्याच्या पन्नास पट किंवा अधिक. गरज असेल तेव्हा तो जरूर करावा, त्याने प्राण वाचतात. पण तो हौसेचा विषय नव्हे. जुने फोटो जपून ठेवावेत, म्हणजे तेच पुन्हा काढावे लागत नाहीत.

माझ्या शिक्षकबंधूंना शेवटची विनंती. आठ नोव्हेंबर १८९५ ही तारीख मुलांकडून जरूर पाठ करून घ्या. पण ती फळ्यावर लिहून झाली की क्षणभर थांबा, हातातला खडू वर धरा, आणि याच द्रव्याची चकती एक्स-रे काढणाऱ्या ताईच्या किंवा दादाच्या छातीवर का असते, तेही सांगा. त्या वर्गातला एखादा मुलगा उद्या त्या खोलीत उभा राहणार आहे.